गव्हाणी घुबडाचा पत्ता

तुम्हांला फार आवडलेल्या गोष्टीचा फोटो काढला, की तो तुम्ही आधी कुणाला पाठवता? आणि पाठवताना खाली जागेचं नाव लिहिता का?

उत्तर लगेच देऊ नका. दोन वर्षांपूर्वी मी ते फार लगेच दिलं होतं.

ऑक्टोबर परत आलाय. घोडपदेवच्या आमच्या चाळीत दुपारी गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लागला तर चटका बसतो. चिवड्याचे पोहे उन्हात पसरलेत, वर जुनी ओढणी, आणि चिमण्या हाकलायला कुणीतरी पेंगत बसलेलं. चार वाजता वारा पडतो. पाच वाजता भिंती दिवसभर प्यालेलं ऊन परत द्यायला लागतात. साडेसहाच्या सुमाराला बंदराच्या बाजूचं आकाश पाटीसारखं होतं आणि माझा हात आपोआप मानेकडे जातो. दोन वर्षांपूर्वी तिथे कॅमेऱ्याचा पट्टा असायचा.

मी पुन्हा लेन्स शोधत होते. काल फोर्टमधल्या एका अरुंद दुकानात गेले होते. तिथे वापरलेले कॅमेरे आणि लेन्स काचेच्या कपाटात मिठाईसारखे मांडलेले असतात. दुकानदाराने एक लांबलचक लेन्स माझ्या हातात ठेवली. "एकदम घरगुती पीस, मॅडम. शादी-बिदी में नहीं चला."

मी मोबाईलचा टॉर्च लावून एका टोकाने आत उजेड सोडला आणि दुसऱ्या टोकाने पाहिलं. मुंबईत वापरलेली लेन्स अशीच बघायची असते. आपल्या हवेत काचेलासुद्धा बुरशी धरते. आत, अगदी खोलवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या पसरलेल्या होत्या.

"ये तो सिर्फ धूल है," तो म्हणाला.

"धुळीला फांद्या फुटत नाहीत, शेठ."

तो हसला. "आप को तो सब दिखता है."

नाही दिसत. तीच तर माझी गोष्ट आहे.

प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढायला लेन्सकडून तीन गोष्टी हव्या असतात. लांबचं जवळ दिसावं, कमी उजेडात चालावं आणि पाठीला झेपावी. तिन्ही एकत्र मिळतात, पण त्या लेन्सच्या किमतीत आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांना नवी दारं-खिडक्या बसतील. बाकीच्यांनी आपल्याला कुठली उणीव चालेल ते ठरवायचं. छोटी हलकी घेतली तर पक्षी ठिपक्याएवढा येतो. लांब पल्ल्याची स्वस्त घेतली तर ती अंधारी असते, सूर्य कलला की हात टेकते. आरशाची म्हणून एक बुटकी लेन्स मिळते, लांबचं दाखवते आणि स्वस्तही असते, पण फोटोच्या मागच्या भागात बांगड्यांसारखी वर्तुळं उमटवते. जुनी वजनदार घेतली तर फोकस हाताने फिरवावा लागतो, आणि तोवर पक्षी उडून जातो. इंटरनेटवर याविषयी तावातावाने वाद घालणारी माणसं आहेत. मी रात्ररात्र ते वाद वाचले आहेत. त्यात सगळं होतं. फोटोच्या चौकटीत पक्ष्याशिवाय आणखी काय काय येईल, एवढंच कुणी लिहिलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढले. हे अक्षरशः खरं आहे. बाबा लालबागच्या एका छोट्या ऑफसेट प्रेसमध्ये मशीन चालवतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठीची, भाडेवाढीविरुद्धची, पाण्याच्या मोर्चाची अशी किती पत्रकं त्यांच्या हातून निघाली असतील. उरलेले गठ्ठे घरी यायचे. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली, शाळेचे निबंध आधी कच्चे लिहिले. कागद उलटा केला की दुसऱ्या बाजूला 'चलो' असायचंच. वाचायला मी त्यावरच शिकले. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाआधी उद्गारचिन्ह आलं.

बाबांचा एक नियम होता. पत्रक छापायला घेऊन कुणी आलं की ते आधी तळाची ओळ बघायचे. तिथे जागा, वेळ आणि पत्ता नसेल तर कागद परत करायचे. "पत्ता नसलेलं पत्रक आणि निनावी पत्र सारखंच," ते म्हणायचे. "घाबरतो तो पत्ता लपवतो. आपण कशाला घाबरायचं, बाय?"

मी घाबरत नव्हते. कशालाच नाही. सव्विसाव्या वर्षी हे अभिमानाने सांगता येत होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या रांगेत मला गव्हाणी घुबड दिसलं. ती गोदामं पूर्वी कापसाची. आता बरीचशी रिकामी आहेत, पण दगडी भिंतींच्या सांध्यांत अजून कापसाचे तंतू अडकलेले सापडतात. मी कुणाच्या तरी मुलाखतीसाठी गेले होते, ती रद्द झाली आणि परतताना सतरा नंबरच्या गोदामापाशी डोक्यावरून पांढरं काहीतरी गेलं. आवाज नाही. आपल्या अंगावरून कुणीतरी पंखाच्या झुळकीनेच बोट फिरवावं तसं वाटलं. वर पाहिलं तर दुसऱ्या कमानीतल्या फुटक्या झरोक्यात बदामाच्या आकाराचा एक चेहरा. पत्त्यांतला बदाम असतो ना, अगदी तसा. आणि आतून फुसफुस असा आवाज, शिट्टी होण्याआधी कुकर करतो तसला.

"तां पिल्लांचा आवाज," मागून कुणीतरी म्हणालं. "तीन आसत."

ते दाजी. गोदामाचे राखणदार. देवगडकडचे, उमेदीत गिरणीत, गिरणी बंद झाल्यावर इथे. गोदामाच्या दाराशी पत्र्याच्या खोलीत एकटेच राहायचे. घुबडाला माणसं अशुभ म्हणतात, तुम्हांला भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"अशुभ? अगो, माझी बदली कामगार ती. मी आडवो झालंय की ती उठता. गोदामात एक उंदीर जिवंत ठेवल्यान नाय. पगार नाय, बोनस नाय, कधी खाडो नाय. असो कामगार गिरणीत असतो तर गिरणी बंद पडती?"

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी सांगितलं की दिवाळी झाली की गोदाम पाडणार आहेत. मालकाचा माणूस मोजमाप घेऊन गेला होता.

"आणि पिल्लं?"

"ती काय करतली? पंख फुटाक म्हयनो-दीड म्हयनो व्हयो."

त्या क्षणापासून माझ्यासाठी त्या ऑक्टोबरमध्ये एकच प्रश्न होता. पिल्लं उडेपर्यंत ती भिंत उभी राहील का? मी रोज संध्याकाळी जायला लागले. कॅमेरा होता, पण त्याच्यासोबत आलेली लेन्स इतकी छोटी, की फोटोत गोदाम यायचं आणि घुबड शोधावं लागायचं. पत्रक काढायचं तर फोटो हवा. फोटो हवा तर लेन्स हवी. पैसे थोडे होते, दोन वर्षं प्रूफं तपासून साठवलेले.

प्रेसमध्ये पक्ष्यांविषयीची एक छोटी पुस्तिका छापायला जयवंतभाई यायचे. गिरगावातले, ठाकूरद्वारच्या बाजूचे पाठारे प्रभू. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, पांढराशुभ्र शर्ट, प्रुफावर लाल शाईतलं सुबक अक्षर. त्यांच्याकडे एक जुनी पाचशे मिलिमीटरची लेन्स आहे असं बाबांकडून कळलं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी रव्याच्या रोठाचा तुकडा आणि चहा पुढे केला, मग कपाटातून लेन्स काढली. लोखंडी, पितळेच्या घागरीएवढी जड, फोकस हाताने फिरवायचा. मी डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा कबुतराचा डोळा चौकटभर आला. त्याच्या मागची गच्ची, टाकी, अँटेना, सगळं विरघळून नुसता रंग झालं होतं.

"माझे खांदे आता ऐकत नाहीत," भाई म्हणाले. "तू घे. दुकानात कुठल्या साध्या लेन्सला दिले असतेस तेवढेच दे. पण एक अट आहे."

"कसली?"

"घरट्याची जागा कुणाला सांगायची नाही. फोटोतही नाही, बोलण्यातही नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. "का? गोदाम तुमच्या मालकीचं आहे?"

"नाही. घुबडाच्या."

"भाई, जागा लपवून ठेवणं ही मालकांची सवय. तुमची पक्षी बघणारी मंडळी अशीच. आपल्या आपल्यात नकाशे वाटायचे आणि बाकीच्यांना कुंपणाबाहेर ठेवायचं. लोकांना माहीत नसेल तर लोक वाचवायला येणार कसे?"

"आणि ओरडून सांगणं ही कुणाची सवय?"

"कामगारांची."

भाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं. घुबडं कुठल्या युनियनमध्ये आहेत?"

मी चहा अर्धा ठेवून उठले. तेव्हा मला त्या विनोदात फक्त तुच्छता ऐकू आली. आज त्यात एक अगदी साधा प्रश्न ऐकू येतो. संप करणाऱ्या माणसाला माहीत असतं की आपण संप करतोय. आपलं नाव, आपला पत्ता छापला जातोय हे त्याने पत्करलेलं असतं. त्या झरोक्यातल्या तिघांना मी काय विचारलं होतं?

मी दुसऱ्याच दिवशी फोर्टमधून अडीचशे मिलिमीटरची लेन्स आणली. हलकी, प्लास्टिकची, माझ्या बजेटमधली. आणि आज कबूल करते, की ती मी केवळ बजेटमुळे घेतली नाही. त्याच पैशांत ती जुनी पाचशेची येत होती. पण मला तो विरघळलेला रंग नको होता. मला भिंत हवी होती. पत्रकातल्या फोटोत नुसता देखणा चेहरा येऊन काय उपयोग? तो कुठल्याही जंगलातला असू शकतो. मला दगड दिसायला हवा होता, कमान दिसायला हवी होती, भिंतीवर रंगवलेला सतरा आकडा दिसायला हवा होता. पुरावा! लांब लेन्स आजूबाजूचं सगळं खोडून टाकते, म्हणून ती खोटं बोलते, असं एक तडफदार वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं होतं. ती वही अजून आहे.

त्या संध्याकाळी उजेड पिवळा, जाड होता. पिंपळाचं एक रोप कमानीतून बाहेर आलेलं, त्याच्या पानांची सावली झरोक्यावर हलत होती. पिल्लं एकमेकांना ढकलत बाहेर डोकावली. कापसाचे बोळे आणि त्यांना म्हाताऱ्या न्यायाधीशांची तोंडं. मी श्वास धरून बटण दाबलं. फोटो अप्रतिम आला. खोटा विनय करत नाही, खरंच अप्रतिम आला. तीन चेहरे, कमान, पिंपळ, आकडा.

पत्रकाचा मथळा मी लिहिला. 'पाडण्याआधी वर बघा!' खाली फोटो, फोटोखाली चार परिच्छेद, आणि बाबांच्या नियमाप्रमाणे तळाला ठळक ओळ. 'कॉटन ग्रीन, गोदाम क्रमांक १७, दुसरी कमान. रोज संध्याकाळी साडेसहाला मोठी घुबडं शिकारीला बाहेर पडतात. या आणि स्वतः बघा!'

वेळसुद्धा मीच छापली होती.

बाबांनी हजार प्रती काढल्या. पहिली प्रत उजेडाकडे धरून बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. परळ, लालबाग, दादरच्या फुलबाजाराची तोंडं, रे रोडच्या लाकडाच्या वखारी, सगळीकडे मी स्वतः वाटली. फोटो मोबाईलवरून कुठच्या कुठे गेला. माणसं यायला लागली. आया मुलांना घेऊन आल्या. कॉलेजातल्या पोरी आल्या. दाजींनी रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि 'ह्या रेघेच्या पुढे कोणी येवचा नाय' म्हणून दम दिला. नंतर वनखात्याची माणसं आली, कागद झाले, आणि एका सकाळी मालकाच्या माणसाने दाजींच्या हातात चिठ्ठी दिली. पिल्लं उडून जाईपर्यंत पाडकाम थांबवलं होतं.

आम्ही जिंकलो. मी दाजींना पेढा भरवला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून झरोक्याकडे हात केला. "बदलीक ठेवतंय."

"घुबडं पेढा खात नाहीत, दाजी."

"नाय खाईना. मान तर झालो."

जिंकल्यानंतरचे ते नऊ-दहा दिवस मला अजून लख्ख आठवतात. चाळीत दळणाचा वास, चकलीच्या भाजणीचा वास, गॅलरीत टांगलेले कंदील, अंगणात रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या बायका. मी संध्याकाळी जाऊन यायची आणि सगळ्यांना बातमी द्यायची. आज सगळ्यात मोठ्याने पंख पसरले. आज मधल्याने उंदीर एकट्याने गिळला. बाबांनी पत्रकाची एक प्रत काचेच्या फ्रेममध्ये लावून दारावर टांगली होती.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी दाजींचा फोन आला. "बाय, जरा येतंस?" एवढंच.

मी पोचले तेव्हा ते रेघेच्या अलीकडे उभे होते. त्यांनीच मारलेल्या त्या खडूच्या रेघेच्या. भिंतीला बांबूची एक शिडी टेकलेली, ती त्यांची नव्हती. झरोक्यातून आवाज येत नव्हता. खाली जमिनीवर थोडी पांढरी पिसं, आणि चार घड्या घातलेला एक कागद. माझंच पत्रक. फोटोतल्या कमानीभोवती निळ्या बॉलपेनने गोल केलेला होता. तळाच्या ओळीत 'साडेसहा' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मोठी घुबडं बाहेर असतात ती वेळ.

"मी एक सांज भयनीकडे गेलंय लालबागाक, फराळाक," दाजी म्हणाले. "दोन तास. आणि ह्यां झालां."

ते स्वतःला दोष देत होते. आदल्या संध्याकाळी फराळाच्या गडबडीत मीही गेले नव्हते, आणि तो कागद माझा होता.

अमावास्येच्या पूजेत घुबडाची नखं, पिसं ठेवली की घरात लक्ष्मी नांदते असं मानणारी माणसं याच शहरात राहतात. ती शिकलेली असतात, त्यांच्याकडे गाड्या असतात. त्यांना घुबडं पुरवणारी माणसं असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण मी पत्रक लिहिताना वाचक म्हणून डोळ्यांसमोर नेहमी भले लोक ठेवत आले. पत्रक वाचणारा म्हणजे आपल्या बाजूचा, नाहीतर आपल्या बाजूला येऊ शकणारा. तिसरा कुणीतरी, शांतपणे, पेन हातात घेऊन, केवळ पत्त्यासाठी वाचत असेल, हे माझ्या कल्पनेत नव्हतं.

तक्रार केली. वनखात्याची माणसं पुन्हा आली, चार ठिकाणी शोधलं, नाही सापडली. त्या संध्याकाळी आणि पुढच्या संध्याकाळीही मी गोदामापाशी थांबले. आसपास फटाके सुरू झाले होते. मोठं घुबड पायांत उंदीर धरून आलं, झरोक्यात उतरलं, थोडा वेळ आत राहिलं, आणि रिकाम्या पायांनी बाहेर आलं. पुन्हा गेलं. पुन्हा उंदीर. दुसऱ्या दिवशी दाजींनी शिडीवर चढून पाहिलं, झरोक्यात पाच उंदीर रांगेत पडलेले होते, एकालाही तोंड लागलेलं नव्हतं. सवयीने मी एकदा बटण दाबलं. माझी लेन्स त्या उजेडाला पुरी पडली नाही. फोटोत काळोखावर एक पांढरा ओरखडा आहे, दुसरं काही नाही. त्या लेन्सने काढलेला तो शेवटचा फोटो. तिसऱ्या दिवशी ते आलं नाही.

घरी आले तर बाबा दारावरची फ्रेम उतरवून जमिनीवर बसले होते. समोर उरलेली पत्रकं, शे-दीडशे असतील. उरलेले कागद ते कधी फेकत नाहीत, मागची बाजू कोरी असते. हातात कात्री घेऊन ते एकेका पत्रकाची तळाची ओळ कापत होते. कापलेल्या पट्ट्या एका ताटात.

"आता कापून काय होणार, बाबा?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "आम्ही पत्ता छापायचो तो माणसांचा, बाय. पत्ता वाचून मदत यायची, कधी लाठी यायची. लाठी आली तर माणसाला पळता यायचं." कात्री थांबली. "मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. पत्रकं माझ्या मशीनवर निघाली."

मग मीही कात्री घेतली. आम्ही दोघांनी सगळ्या पट्ट्या कापल्या. बाहेर पोरं भुईचक्रं लावत होती.

सतरा नंबरचं गोदाम अजून उभं आहे. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा असं ठरलं होतं, ती उडालीच नाहीत, आणि नंतर दुसऱ्याच कुठल्या वादात पाडकाम अडकलं ते अडकलंच. मला भिंत वाचवायची होती, भिंत वाचली. मी तिथून जाते तेव्हा त्या रंगवलेल्या आकड्याकडे बघवत नाही.

तुम्ही म्हणाल, मग भाईंचं बरोबर होतं. मलाही तसं म्हणून मोकळं व्हायला आवडलं असतं. पण पत्रक निघालं नसतं तर दिवाळीनंतर हातोडे आले असते आणि पिल्लं दगडांखाली गेली असती, तेही कुणाला न कळता. गुपित राखल्याने हातोडे थांबत नाहीत. या शहरात गुपचूप पाडलेल्या गोष्टींची संख्या आरडाओरडा करून बिघडलेल्या गोष्टींपेक्षा कितीतरी मोठी असेल. मी अजूनही ओरडण्याच्याच बाजूची आहे. फक्त आता ओरडायच्या आधी मी एकदा स्वतःला विचारते. आपण नक्की काय ओरडतोय? धोका, की धोक्यात असलेल्याची जागा? मी दोन्ही एका दमात ओरडले होते. मथळा पुरेसा होता. फोटो भिंतीशिवायही पुरला असता. पत्ता वनखात्याच्या एका अर्जात लिहिला असता, तर अर्जात पुरला असता.

एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन ऑक्टोबर लागले, आणि त्याची किंमत मी दिलीच नाही.

गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. आवाज इतका हळू, की आधी वाटलं तब्येत बरी नाही.

"बाय. ती इली हा."

"कोण?"

"बदली. नवीन जागा धरल्यान. आत फुसफुसता. कोणाक सांगा नको."

वर मी सतरा नंबरचा पत्ता लिहिला, कारण तिथे आता काही नाही. ही नवी जागा कुठे आहे, ते या लेखात नाही. गोदाम, झाड, पडका बंगला, पाण्याची टाकी, काय ते सांगणार नाही. शहराचा कुठला भाग तेही नाही. दाजी आता कुठे राखण करतात तेही विचारू नका.

म्हणून काल फोर्टला गेले होते. बुरशीची लेन्स परत ठेवली आणि दुकानातून निघाले, ती चालत गिरगावात गेले. भाईंनी दार उघडलं. दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. मी आत जाऊन बसले आणि म्हटलं, "ती पाचशेची अजून आहे का?"

भाई उठले, कपाटातून पापडाचा मोठा डबा काढला. आत सुती कापडात लेन्स, भोवती औषधांच्या बाटल्यांतून निघतात तसल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. टॉर्च लावून पाहिलं. काच स्वच्छ होती. एवढ्या पावसाळ्यांतून त्यांनी ती जपली होती.

"अट तीच का?" मी विचारलं.

"नाही. आता एकच. कुठे चालली आहेस ते मलाही सांगू नकोस."

मी आज संध्याकाळी जाऊन आले. लांब उभी राहिले, इतकी लांब, की नुसत्या डोळ्यांना तिथे पक्षी आहे हेही कळत नव्हतं. लेन्स भिंतीच्या कठड्यावर टेकवली, फोकस हाताने हळूहळू फिरवला. पहिले वीस-पंचवीस फोटो धूसर आले. मग एक. बदामी चेहरा, डोळे, चोचीपाशी एक सुटं पीस. मागे फक्त एक तपकिरी मऊपणा. जगातली कुठलीही जागा.

घरी बाबांना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिला. आणि सवयीने, आयुष्यभराच्या सवयीने विचारलं, "कुठचा गं हा?"

"नाही सांगणार, बाबा."

फोटोच्या तळाशी, जिथे ओळ असायची तिथे, त्यांचा अंगठा टेकलेला होता. "बरं," ते म्हणाले, आणि कॅमेरा परत दिला.

तुम्हांला एवढंच मागते. दिवाळी जवळ आली आहे. या दिवसांत कुठे घरटं दिसलं, ढोलीत डोळे दिसले, तर फोटो खुशाल काढा, पण पाठवण्याआधी मोबाईलमधलं ठिकाण बंद करा, मागची भिंत कापा, खालचं जागेचं नाव पुसा. माझं जुनं पत्रक तुमच्याकडे कुठे पडलेलं असेल तर त्याची तळाची ओळ कापून टाका. आणि कुणी पिंजऱ्यात, पिशवीत, दुकानाच्या मागच्या खोलीत घुबड विकताना दिसला, तर त्याचा पत्ता मात्र लिहा. दुकान, गल्ली, वेळ, सगळं. ठळक अक्षरांत लिहा आणि त्याच दिवशी वनखात्यात नेऊन द्या.